मुंबईचा नवा कोळी

मोरोपंतांचे एका रामायणाने समाधान झाले नाही. एकशे आठ रामायणे त्यांच्या नावावर सांगतात. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नाझऱ्याच्या श्रीधरांनी १७०३ साली ‘रामविजय’ पुरा केला, तो काही रामकथा कुणाला ठाऊक नव्हती म्हणून नव्हे! जुना नायक नव्या श्रोत्यांपुढे नव्या वेषात उभा करणे ही आपली जुनीच रीत. तेव्हा एका अमेरिकन चित्रकथेच्या नायकाला धोतर नेसवले म्हणून मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने नाक मुरडण्याचे कारण नाही.

हा नायक म्हणजे घरोघरच्या मुलांचा लाडका स्पायडरमॅन. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी १९६२ साली त्याला जन्म दिला, तेव्हा तो पीटर पार्कर नावाचा शाळकरी पोर होता. किरणोत्सर्गी कोळी चावतो आणि पोराच्या अंगी कोळ्याचे बळ येते. पुढे तो वाढला, १९८७ साली त्याचे लग्नही लागले. मग २००० साली ‘अल्टिमेट’ नावाच्या नव्या मालिकेत त्याला पुन्हा शाळेत बसवले! आपल्याकडे बाळकृष्णाच्या लीला पुन्हा पुन्हा गातात, त्यातलाच हा प्रकार म्हणायचा.

पण माझ्या मनात भरला तो २००४ सालचा अवतार. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी चार अंकांत हा नायक थेट मुंबईत आणला. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर. आता पवित्र हे विशेषण, आणि प्रभाकर हे आपल्याकडे वडिलांचे नाव. म्हणजे या मुलाचे आडनाव छापायचेच राहिले असे मराठी वाचकाला वाटावे. पण ते असो. हा मुलगा खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला शिकायला येतो आणि वर्गात त्याच्या गावठीपणाची टवाळी होते. हे चित्र मला परके नाही. सांगोला, मंगळवेढा, करमाळ्याहून एस.टी.ने येणारी मुले दर वर्षी पहिले काही दिवस मागच्या बाकावर गप्प बसतात. त्यांच्या बोलण्यातल्या हेलाला कोण हसते, हे मी फळ्याकडे तोंड करूनही सांगू शकेन.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. मूळ कथेतला कोळी अणुयुगाचा होता. त्या काळची भीती त्याच्या नांगीत होती. मुंबईच्या कथेत शक्ती येते ती एका योग्याच्या वरदानाने. भारत म्हटला की साधू हवाच काय? मुलगा शिष्यवृत्तीवर शिकायला आलेला. त्याच्या वाट्याला एखादी प्रयोगशाळा आली असती तर काय बिघडले असते? आणि कोळी हा शब्द तर मुंबईत किती अर्थाचा! जाळे विणणारा कोळी आणि जाळे टाकणारा कोळी. हे घबाड हाताशी असताना हिमालयाकडे कशाला पाहायचे?

हे सारे मी माफ करतो, ते एका बदलासाठी. मूळ कथेत पीटर पळणाऱ्या चोराला अडवत नाही आणि तोच चोर पुढे त्याच्या काकाचा जीव घेतो. मुंबईत चोर नाही. एका तरुणीला गुंडांनी घेरले आहे. पवित्र ते पाहतो आणि निघून जातो. तिच्या हाकेला धावतात ते भीमकाका. त्यांच्या अंगात कसलेही बळ नाही, आणि भोसकले जातात तेही तेच.

वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा भिंतीवर चढण्याच्या वर्णनाला मुले खूश झाली. या प्रसंगाला मुली बोलू लागल्या. संध्याकाळचे एस.टी. स्थानक, फलाटावरची गर्दी, कुणी धक्का दिला तर मोबाईलमध्ये मान घालणारी माणसे. चोराला सोडून देणे हा क्षणाचा निष्काळजीपणा असू शकतो. बाईला सोडून पुढे जाणे ही आपल्या शहरांची सवय आहे, आणि या चित्रकथेने ती नायकाच्याच पदरी घातली. तास संपला तरी मुली उठल्या नाहीत.

२०२३ साली हाच पवित्र एका अमेरिकन चित्रपटात झळकला. तिथे तो हसरा आहे. ‘चाय टी’ म्हणणाऱ्या पाहुण्याला चाय म्हणजेच टी, असे ठणकावतो. तो चित्रपट मराठीतही आला. मूळचे चार अंक मात्र इंग्रजीत आहेत, आणि कुणी ते मराठीत करायला घेतले तर पहिल्याच पानावर अडेल. भीम आणि माया हे पवित्रला वाढवणारे जोडपे. इंग्रजीत ‘आंट’ म्हटले की काम भागते. आपल्याकडे काकू वेगळी, मावशी वेगळी, आत्या आणि मामी आणखी वेगळ्या. शिवाय मावशीच्या यजमानांनाही आपण काकाच म्हणतो! मूळ कथेत बेन हा पीटरच्या वडिलांचा भाऊ. म्हणून माझे मत काकूला.