वैशाखात शिवलेली गोधडी

थंडीची पहिली चाहूल लागली की घरोघरी गोधड्या बाहेर निघतात. दिवाळी अंक हातात घेऊन पायांवर गोधडी ओढून बसणं हे मराठी माणसाचं जुनं सुख आहे. पण गोधडी पांघरायचा हंगाम आणि शिवायचा हंगाम वेगवेगळे आहेत. गोधडी शिवली जाते वैशाख-ज्येष्ठात, उन्हाळा सरत आलेला असताना. रब्बीची मळणी झालेली असते, खळी रिकामी असतात, मृगाला अजून अवकाश असतो. शेतकरी घरातल्या बाईचे हात शेतातून जरा मोकळे होतात ते वर्षातल्या याच काही आठवड्यांत.

पुणे-नाशिककडे गोधडी, सांगली-कोल्हापूर आणि मराठवाड्यात बहुधा वाकळ, बाळासाठी असेल तर दुपटं. नावं वेगळी असली तरी काम एकच. गरिबीची सोय म्हणून आपण या कामाकडे फार काळ पाहिलं आणि त्यातलं ज्ञान नजरेआड झालं. माझ्या मते गोधडी तीन गोष्टींवर उभी असते : वापरून मऊ झालेलं सुती कापड, अंथरायला मोकळी जमीन आणि चार बायकांचा एकत्र वेळ. या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतील तिथे ही कला आपोआप वाढते. त्यांतली एक जरी सुटली तरी ती कोमेजते. हा आढावा त्या तीन गोष्टींच्या आधारानेच घ्यायचा आहे.

सकाळ उन्हाची, दुपार सावलीची

उन्हाळ्यातलं घरकाम उन्हाच्या घड्याळावर चालतं. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत पडतात, त्यांचं पाणी रोज बदलावं लागतं. मग ते वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा आणि भल्या पहाटे शिजवून ऊन चढायच्या आत सोऱ्यातून कापडावर पाडायचा. वाटीभर गरम चीक मुलांच्या वाट्याला ठरलेला. उडदाच्या पापडांचं पीठ कुटायचं, लाट्या करायच्या, शेजारपाजारच्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन येणार. त्यापाठोपाठ शेवया, सांडगे, वर्षाचं तिखट, कैरीचं लोणचं. कोकणात आमसुलं, आंबापोळी आणि फणसाची साठं. पावसाळ्याचे चार महिने डोळ्यांपुढे ठेवून केलेली ही बेगमी असते.

वाळवणाला सकाळ द्यावी लागते. दुपारी मात्र बाहेर पाऊल टाकवत नाही. जेवणं उरकली, भांडी झाली की ओसरीवर गोधडी अंथरली जाते. दारातून भरपूर उजेड येतो, अंगावर सावली असते आणि अंगणातल्या पापडांची कावळ्यांपासून राखणही तिथूनच होते. वाळवणाखाली अंथरलेलं जुनं धोतर किंवा लुगडं पुढच्या वर्षी गोधडीच्या पोटात जाऊ शकतं. दोन्ही कामं एकाच घराची, एकाच कापडाची आणि एकाच ऋतूची.

माणसंही याच दिवसांत घरी असतात. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. इतरत्रही सुट्टीत माहेर भरतं. बाळंतपणाला आलेली लेक असेल तर आधी दुपटी शिवून होतात, तीही आजीच्या सगळ्यांत मऊ लुगड्याची. लहान मुलीच्या हाती पहिल्यांदा सुई येते ती अशाच दुपारी. तिला कडेचा भाग देत नाहीत. आतले थर जागेवर राहावेत म्हणून घालायचे कच्चे टाके देतात. ते नंतर उसवले जातात, म्हणून तिच्या चुकांची कुणाला चिंता नसते. शिकवण्याची याहून शहाणी रीत मला माहीत नाही.

गेल्या वर्षीच्या गोधड्या धुण्याचा मुहूर्तही हाच. भिजलेली वाकळ एकटीला पेलत नाही. नदीवर नाहीतर ओढ्यावर नेऊन दोघींनी ती धोपटायची, दोन टोकं धरून पिळायची आणि तापलेल्या खडकावर पसरायची. एकदा पाऊस लागला की कोकणात आणि घाटमाथ्यावर ती आठवडाभरातही वाळणार नाही.

एका लुगड्याचे दोन थर

नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटर लांब असतं आणि त्याचा पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर. त्याचे चार समान तुकडे केले, दोन-दोन तुकडे शेजारी जोडले की दोन माणसांच्या गोधडीचे दोन थर मिळतात. असे चार-पाच थर घातले की गोधडीला जाडी येते. सगळ्यांत विरलेलं कापड आत, धड असलेलं वर आणि खाली. वरच्या पानावर खण, शर्ट, परकर, झबली यांचे तुकडे जोडायचे, चहूबाजूंनी काठ किंवा पट्टी लावायची. वर्षांनी ती फाटली तरी टाकत नाहीत. तीच आत घालून तिच्यावर नवं पान चढवतात. त्यामुळे एखाद्या जुन्या वाकळेत तीन पिढ्यांची लुगडी एकावर एक निजलेली सापडतात.

पिंजारी धनुकलीने कापूस पिंजून रजई भरून देई. ती बाहेरच्या कारागिराची विद्या. गोधडीत कापूस भरलेला नसतो. तिची ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. अनेक पातळ थर, त्यांच्यात जराशी हवा आणि ते सरकू नयेत म्हणून घातलेला धावदोरा, एवढीच तिची रचना. बऱ्याच ठिकाणी दोरे कडेपासून आत, चौकोनात चौकोन असे घालत नेतात. यामागे विचार आहे : चार बायका चार बाजूंना बसू शकतात, कडा आधी पक्क्या होतात आणि सगळ्याजणी मध्याकडे सरकतात.

या कामाचं माप काढून पाहू. दोन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद गोधडीवर एकेक इंचाच्या अंतराने दोरे घातले तर सुमारे ८८ ओळी होतात, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे मीटर लांबीची शिवण. इंचाला तीन टाके धरले तर वीस हजारांहून जास्त टाके. प्रत्येक टाका चार-पाच थरांतून वर-खाली जाणारा. ओळी अर्ध्या इंचावर आणल्या की आकडा दुप्पट. चिंध्यांना किंमत नसेल, या टाक्यांना आहे. गोधडीविषयी बोलताना हा हिशेब समोर असायला हवा.

शेजारच्या मुलखांत

कर्नाटकात कौदी शिवतात. त्याच राज्यातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या सिद्दी बायकांची कवंद तर आपल्या वाकळेची सख्खी बहीणच. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यांतले बरेच पोर्तुगिजांच्या गोव्यातल्या गुलामीतून निसटून या रानात आले. त्यांच्या घरी कोकणी बोलली जाते आणि तिच्यात मराठी शब्दही मिसळलेले असतात. कवंद शिवणारी बाई एका कोपऱ्यापासून सुरुवात करते आणि कडेकडेने आत येत मध्यावर थांबते. तुकडे आधी जोडून घेत नाही, शिवता शिवताच एकेक तुकडा बसवत जाते. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची ‘फुलं’ लावली नाहीत तर कवंद अपुरी मानली जाते. कुणाच्या कवंदेत क्रूस दिसतो, कुणाच्या कवंदेत चंद्रकोर, कारण सिद्दींमध्ये ख्रिस्ती, मुस्लिम आणि हिंदू तिन्ही आहेत. हेन्री ड्रूअल या अमेरिकन अभ्यासकाने या कवंदांवर काम केलं, त्या प्रदर्शनांत गेल्या आणि बायकांची सहकारी संघटना उभी राहिली.

बंगालचा काँथा हा याच धावदोऱ्याचा सर्वांत नक्षीदार अवतार. जुन्या साड्यांचे थर, काठांतून काढलेले रंगीत दोरे, मध्यभागी कमळ, कोपऱ्यांत झाडं आणि मधल्या जागेत हत्ती, पालख्या, रथ, कधी घरातली कातरही. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त यांनी गावोगाव फिरून जमवलेले काँथे कोलकात्याजवळ जोका इथल्या संग्रहालयासाठी मोलाचे ठरले. कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ साली ‘नक्षी काँथार माठ’ हे काव्य लिहिलं. त्यातली नायिका आपलं दुःख काँथ्यावर भरते. बंगाली वाचकाच्या मनात काँथ्याला तेव्हापासून जे स्थान मिळालं, ते आपल्या वाकळेला मिळायचं आहे.

बिहारमध्ये मुजफ्फरपूर जिल्ह्यातलं भुसुरा गाव सुजनीसाठी ओळखलं जातं. नवजात बाळासाठी शिवायच्या या वस्त्रावर तिथल्या बायकांनी गेल्या काही दशकांत हुंडा, दारू, मुलींचं शिक्षण असे विषय भरले. सिंध, थर आणि कच्छमध्ये रल्ली शिवली जाते. कापड दुमडून, कातरून, वर बसवून केलेली तिची भौमितिक नक्षी दुरूनही ओळखू येते. मुलीच्या लग्नात रल्ल्या देण्याची तिथे रीत आहे.

तुकड्यांच्या वस्त्राचा मान आणखी मागे जातो. विनयपिटकातली कथा अशी की, मगधातली बांध घातलेली भातशेतं पाहून बुद्धांनी आनंदाला तशी आखणी वस्त्रात करायला सुचवलं आणि भिक्षूंचं चीवर तुकडे जोडून होऊ लागलं. आपल्याकडे गाडगेबाबा ठिगळांचंच वस्त्र अंगावर घालून गावं झाडत फिरले. ठिगळात लाज नाही, हे या देशाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

अलाबामातलं वळण

अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. पूर्वज गुलाम, नंतरच्या पिढ्या कुळं. घरात थंडी शिरे म्हणून तिथल्या बायकांनी कामाचे विरलेले कपडे आणि पोती जोडून गोधड्या शिवल्या. त्यांची एक आवडती रचना चौकोनात चौकोन अशी आहे, आपल्या दोऱ्यांच्या वाटेने जाणारी. १९६६ साली नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात त्या परिसरातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. काम मिळालं, पैसा मिळाला. पण मोठ्या दुकानांना एकसारखा माल हवा होता, त्यामुळे ज्या मुक्त हाताने त्या शिवत, त्याला तिथे वाव उरला नाही.

खरा मान मिळाला तो २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात. त्या गोधड्या भिंतीवर लागल्या आणि प्रत्येकीशेजारी शिवणाऱ्या बाईचं नाव लागलं. २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. यातून आपण घ्यायचा धडा साधा आहे : उत्पन्न हवं, पण त्यासाठी बाईचा स्वतःचा हात आणि स्वतःचं नाव गहाण पडता कामा नये.

काय सुटलं, काय सावरतंय

आता तीन गोष्टींकडे परत येऊ. पहिलं सुटलं ते कापड. नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या धुवायला सोप्या, टिकायला दणकट. राबणाऱ्या बायकांनी त्या घेतल्या यात नवल नाही. पण कापूस हवेतला आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा सामावून घेतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून अशी गोधडी घामेजते, थर सरकतात आणि अंगाला चिकटते. दुसरी सुटली ती जमीन. दोन खोल्यांच्या घरात आठ फुटांची गोधडी दिवसभर अंथरून ठेवणं अशक्य. तिसरा सुटला तो वेळ. सुट्टीतही कामावर जाणाऱ्या बायकांच्या दुपारी एकमेकींशी जुळत नाहीत.

तरी गोधडी संपलेली नाही. शहरांच्या रस्त्यांवर ‘गोधडी शिवून मिळेल’ असे फलक दिसतात. लोक आपल्या आईच्या साड्या घेऊन जातात. शिलाई यंत्रावर ती पटकन होते, परवडते, आणि आठवण जपली जाते, म्हणून हे काम मला मोलाचं वाटतं. मात्र यंत्राची टीप थर घट्ट दाबते. हातच्या धावदोऱ्यात थरांना जराशी सैल जागा मिळते आणि ऊब त्या जागेत राहते. बचत गटांच्या प्रदर्शनांत, मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या ठिकाणी, ग्रामीण भागातल्या बायकांच्या हातच्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळतं. गोधडीला तिथे मानाची जागा मिळायला हवी. समाजमंदिर, शाळेची रिकामी खोली किंवा गच्चीवरची शेड मिळाली, दुपारचे दोन तास ठरले आणि सुती साड्या गोळा झाल्या, की तीन गोष्टी पुन्हा एकत्र येतात. असे गट टिकतात, कारण त्यांत पैशाइतकीच सोबतही असते.

पुढचं काम आपलं, वाचकांचं आहे. घरातल्या सुती साड्या भांडीवालीला देण्याआधी वेगळ्या काढा. विकत घेताना वीस हजार टाक्यांचा हिशेब आठवा आणि चिंध्यांच्या भावात घासाघीस करू नका. गोधडीच्या कोपऱ्यात शिवणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि साल दोऱ्याने घालून मागा. प्रत्येक तालुक्यातल्या वाकळांची छायाचित्रं, त्यांच्या रचना आणि शिवणाऱ्या आज्यांचं बोलणं नोंदवण्याचं काम महाविद्यालयांनी हाती घ्यावं. ज्यांच्या बोटांत ही विद्या आहे त्या अजून आपल्यात आहेत. आणि येत्या वैशाखात, पापड वाळत असताना, शेजारच्या दोघींना बोलावून एक दुपटं शिवायला घ्या. पहिला दोरा घालायला तेवढं पुरतं.