सायकल आपल्या मापाची करून घेऊ या

आजचा विषय सायकलचा आहे. पण सायकल शिकायची कशी, हा नाही. ज्या शिकल्या आणि तरीही ज्यांनी सायकल भिंतीला लावून ठेवली, त्यांच्यासाठी आज बोलायचं आहे.

गटाच्या बैठकांमधून हा विषय काढला की ठरलेली उत्तरं येतात. "गुडघे धरतात." "कंबर जाते." "बसायची जागा इतकी दुखते की दुसऱ्या दिवशी खाली बसवत नाही." आणि मग कुणीतरी वडीलधारी बाई हळूच म्हणते, "बायकांना सायकल सोसत नाही गं, पिशवी सरकते." झालं. सायकल जाते घरातल्या मुलाकडे आणि आपण पुन्हा तीन किलोमीटर पायी, नाहीतर वडापची वाट बघत फाट्यावर उभ्या.

आधी पिशवीचं बोलून टाकू. सायकल चालवल्याने गर्भाशय सरकत नाही. अंग बाहेर येण्याची कारणं वेगळी आहेत. लागोपाठची बाळंतपणं, बाळंतपणानंतर विश्रांती न मिळणं, वर्षानुवर्षं जड ओझी उचलणं, जुनाट खोकला, कायमचा बद्धकोष्ठ. ज्यांना आधीच हा त्रास आहे, लघवी गळते किंवा खाली ओढल्यासारखं वाटतं, त्यांनी डॉक्टरांना दाखवावंच, सायकल असो वा नसो. पण डोक्यावरून हंडे आणणाऱ्या बाईला कुणी "सोसणार नाही" म्हणत नाही आणि सायकलवर बसणाऱ्या बाईला मात्र म्हणतात, हे आम्हाला कधी पटलं नाही.

आता दुखण्याचं. दुखतं हे खरं आहे, ते मनाचे खेळ नाहीत. पण बहुतेक वेळा खोट शरीरात नसते, सायकलच्या मापात असते. ब्लाऊज आपण दुसरीच्या मापाचा घालत नाही. काखेत काचला तर उसवून घेतो. सायकल मात्र दुकानातून जशी आली, नवऱ्याने जशी लावली, तशीच वर्षानुवर्षं चालवतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. आमच्या भागात आम्ही पाहिलं, आठवीतली चिमुरडी आणि बारावीतली उंच पोर, दोघींच्या सीटची उंची एकच! कारण आल्या दिवसापासून त्या नटाला कुणी पाना लावलेलाच नव्हता. मुलगी पाय दुखतात म्हणते, घरचे म्हणतात जाऊ दे शाळा लांबच आहे, आणि तिथून पुढे काय होतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

सगळ्यात मोठी चूक सीटच्या उंचीची असते. "बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत" असं आपल्याला शिकवलेलं असतं. शिकताना ते बरोबर आहे. तोल सांभाळता येईपर्यंत सीट अगदी खाली ठेवा, पायांनी जमीन ढकलत ढकलत चालवा, पडायची भीती राहत नाही. पण शिकून झाल्यावरही सीट तिथंच राहिली, तर पायडल मारताना गुडघा पोटाकडे येतो आणि पुरता सरळ कधी होतच नाही. उकिडवं बसून दिवसभर भांडी घासल्यावर गुडघ्याच्या वाटीपाशी जशी कळ येते, तशीच इथं येते. उंच सीटवर पाय हलका चालतो आणि दमही कमी लागतो. चढावर तर फरक लगेच कळतो.

मग उंची किती ठेवायची? टेप नको, टाच पुरे. रोज ज्या चपला घालून सायकल चालवता त्याच घाला, कारण जाड टाचेच्या चपलेने माप बदलतं. सायकल भिंतीला लावा किंवा मैत्रिणीला हँडल धरायला सांगा. सीटवर नीट मागे सरकून बसा. पायडल उलटं फिरवून एक पायडल पार खाली आणा आणि त्यावर पायाची टाच ठेवा. चवडा नाही, टाच. आता पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेलाच राहिला तर सीट खाली आहे. टाच पोचवायला ढुंगण एका बाजूला कलवावं लागलं तर सीट वर आहे. टाचेने पाय सरळ झाला की मग चवडा पायडलवर ठेवा. गुडघा आपोआप थोडासा वाकलेला राहील. चालवताना हवा असतो तो एवढाच बाक. आणि चालवताना पाय चवड्यानेच मारायचा. पायाचा मध्यभाग ठेवून मारणाऱ्या खूपजणी आहेत, त्यांना पोटरीची ताकद वापरताच येत नाही.

"पण मग थांबायचं कसं? पाय तर टेकत नाहीत!" हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. थांबताना सीटवर बसून राहायचं नाही. ब्रेक लावा, एक पाय खालच्या पायडलवर ठेवून सीटवरून पुढे उतरा आणि दुसरा पाय जमिनीवर टेका. लेडीज सायकलला मधली दांडी नसते, त्यामुळे हे सोपं जातं. मोकळ्या पटांगणात दहा-बारा वेळा करा, अंगवळणी पडतं. तरीही वर्दळीच्या रस्त्यावर भीती वाटत असेल तर एकदम उंची गाठू नका. बोटभर वर करा, चार दिवस चालवा, मग पुन्हा बोटभर.

सीट वर-खाली करायला सीटच्या दांड्याखाली, जिथं तो सायकलच्या नळीत शिरतो, तिथं एक नट-बोल्ट असतो. पाना लावून तो सैल करा आणि सीट डावी-उजवीकडे पिळत वर ओढा. गंजून बसला असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवा, हातोडी घालू नका. बाहेर आल्यावर दांडा पुसून पातळसं ग्रीस लावा, पुढच्या वेळी त्रास होणार नाही. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. दांड्यावर एक रेघ किंवा खाचा कोरलेल्या असतात, त्या नळीच्या बाहेर दिसता कामा नयेत. खूण नसेल तर निदान चार बोटं रुंद दांडा नळीत राहिलाच पाहिजे. त्याहून वर काढला तर खड्ड्यात आदळल्यावर दांडा वाकतो किंवा मोडतो, आणि मोडला तर दुखापत नको तिथं होते. एवढं करूनही उंची पुरत नसेल तर लांब दांडा मिळतो, तो घ्या. घट्ट केल्यावर सीट दोन्ही हातांनी धरून पिळून बघा. हलली तर अजून आवळा.

एकच सायकल माय-लेकी दोघी वापरत असतील तर दांड्यावर नेलपॉलिशच्या दोन खुणा करा, एक आईची, एक लेकीची. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

आता जे कुणी उघड बोलत नाही त्याकडे येऊ. बसायच्या जागेचं दुखणं.

कडक पायरीवर बसा आणि दोन्ही तळवे खाली घाला. दोन हाडं हाताला टोचतील. सीटवर आपला भार या दोन हाडांवर यायला हवा, पुढच्या नाजूक भागावर नाही. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर भार नेमका नाजूक भागावर येतो. मग मुंग्या येतात, सोलवटतं, लघवीला आग होते, आणि बाई लाजेने कुणाला सांगत नाही. सायकल सपाट जागी उभी करून सीटवर एक फळी आडवी पुढून मागे ठेवा, तिच्यावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवा. पाणी कुठल्या बाजूला जातं त्यावरून सीटचा कल कळेल. सीट सपाट हवी. तरीही टोचत असेल तर टोक अगदी किंचित खाली करा. जास्त खाली केलंत तर आपण सतत पुढे घसरतो आणि सगळा भार तळहातांवर येतो. यासाठी सीटच्या खाली दोन्ही बाजूंना नट असतात, ते दोन्ही थोडे थोडे सैल करायचे आणि पुन्हा दोन्ही सारखे आवळायचे.

त्याच नटांनी सीट पुढे-मागेही सरकते. पायडल मारायचे दोन्ही दांडे जमिनीला समांतर आणा, पाय ठेवा, आणि मैत्रिणीला गवंड्यासारखा ओळंबा धरायला सांगा. दोऱ्याला एक नट बांधला की झाला ओळंबा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीपासून सोडलेला दोरा पायडलच्या मधोमध यावा. आपल्या सरळ बसायच्या सायकलींवर तो थोडा मागे पडला तरी बिघडत नाही. पायडलच्या पुढे जायला लागला तर सीट मागे घ्या.

मऊ सीट चांगली, हा एक गैरसमज आहे. जाड स्पंजच्या कव्हरमध्ये हाडं रुततात आणि मधला स्पंज फुगून वर दाबतो. जवळच्या अंतराला बरं वाटतं, पाच-सात किलोमीटरला त्रास होतो. बायकांची ही हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा थोडी लांब असतात, शिवाय आपण ताठ बसून चालवतो, म्हणून मागून रुंद सीट हवी. पण रुंद आणि लिबलिबीत यात फरक आहे. पाळीच्या दिवसांत घडी जाड असेल तर काचतं, तेव्हा अंतर्वस्त्राची शिवण नेमकी हाडाखाली येत नाही ना, तेही बघा.

सीट ठीक झाल्याशिवाय हँडलला हात लावू नका, कारण सीट हलली की हाताचं अंतर बदलतं. हँडलची मूठ सीटच्या उंचीला किंवा त्याहून थोडी वर असावी. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं, खांदे सैल. हात ताणले जात असतील तर मान धरते, बोटांना मुंग्या येतात. हँडल वर करायला मधला बोल्ट दोन-तीन आटे सैल करून त्यावर लाकूड ठेवून हलकं ठोकायचं, म्हणजे आतली पाचर सुटते. इथंही खुणेच्या वर जायचं नाही. पण ज्या जुन्या सायकलींना ब्रेकची वायर नसून लोखंडी सळ्या असतात, तिथं हँडल हललं की ब्रेकही बिघडतो. ते काम मेकॅनिककडूनच करून घ्या आणि ब्रेक तपासूनच घरी या. वायरचा ब्रेक असेल तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ताणली जात नाही ना ते पाहा. शेवटी पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल फिरवून बघा. जागचं हलता कामा नये. ब्रेकची दांडी बोटांना सहज पोचते ना, हेही पाहा. लहान हाताच्या मुलींचा अपघात इथंच होतो.

दुखणं कुठं आहे त्यावरून चूक बरीचशी ओळखता येते. गुडघ्याच्या पुढे दुखलं तर सीट खाली असते. गुडघ्याच्या मागे ओढ बसली, किंवा मागून बघणारीला तुमची कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसली, तर सीट वर आहे. एकाच गुडघ्याला त्रास होत असेल तर त्या बाजूचं पायडल वाकलंय का बघा. सायकल पडली की ते वाकतं आणि पाय रोज तिरपा फिरतो. सगळं जुळवूनही पंधरा दिवसांत दुखणं कमी झालं नाही, तर मात्र डॉक्टरांकडे जा.

लेडीज सायकलच घ्यावी का, असंही विचारतात. साडी असेल तर मधली दांडी नसलेली सायकल, चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी हवीच, पदर गुंतला तर जिवावर बेततं. पण नियम असा काही नाही. १९९१च्या सुमारास तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा तिथं जिल्हाधिकारी होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलंय, त्यात एक गंमत आहे. काही बायकांना जेन्ट्स सायकलच जास्त पसंत होती, कारण मधल्या दांडीवर पोराला बसवता येतं! ज्याची त्याची गरज. मात्र दांडीवाली सायकल घेताना दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभं राहून बघा. अंग दांडीला टेकत असेल तर ती सायकल तुमच्यासाठी मोठी आहे, सीट कितीही खाली केली तरी.

दुकानदार घाईत असतो. "वहिनी, सवय होईल" म्हणतो. त्याला सांगा, पाना घ्या, मी बसते, तुम्ही सीट लावा, मगच पैसे. आणि गटाच्या पेटीत पान्यांचा एक संच घेऊन ठेवा. एखाद्या रविवारी समाजमंदिरासमोर सगळ्यांच्या सायकली आणल्या तर एकीने हँडल धरायचं, दुसरीने टाच बघायची, तिसरीने पाना चालवायचा, दोन तासांत दहा-बारा सायकली होतात. शाळेच्या पोरींना आवर्जून बोलवा. त्या वाढत्या वयाच्या आहेत, त्यांची सीट दर सहा महिन्यांनी बघावी लागेल. नट नव्याने आवळले की पहिल्या आठवड्यात थोडे सैल पडतात, तेव्हा आठ दिवसांनी सगळे नट पुन्हा एकदा पाना लावून तपासा.