खाऱ्या पाण्याच्या शेजारचे शेतकरी

प्रवरेच्या काठी वसलेल्या कोल्हारच्या शेतकऱ्यास खारवट जमीन अपरिचित नाही. १९२६ साली भंडारदरा धरण पुरे झाले व प्रवरेच्या कालव्यांना भक्कम आधार मिळाला. मात्र कालव्यांच्या टापूत जेथे पाणी बेसुमार दिले गेले व निचऱ्याची सोय राहिली नाही, तेथे जमिनी खारावून चोपण झाल्या. पण ज्यांच्या बांधापलीकडेच समुद्र उभा आहे, ते शेती कशी करीत असतील?

रायगड जिल्ह्यात धरमतर खाडीच्या परिसरात चरी, शहापूर, धेरंड अशी आगरी वस्तीची लहान गावे आहेत. येथील शेत म्हणजे खाडीकडून मिळविलेली जमीन. खाडीच्या बाजूस मातीचा उंच बांध, तो बाहेरकाठा. त्यात पाण्याची उघाडी. भरतीस ती मिटते, ओहोटीस शेतातील पाणी बाहेर सोडते. पावसाळ्याच्या आरंभी पावसाच्या पाण्याने जमिनीतील मीठ धुऊन काढतात आणि मग कोठे मोड आलेले बी चिखलात फेकतात. या रीतीस रहू म्हणतात. खारास सोसणारा तांबडा राता भात पूर्वापार होता. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २ व ३ हे वाण दिले. घराशेजारच्या तळ्यात जिताडा पोसलेला असतो. पाहुणा आला की जाळे पडते.

या लोकांचा स्वभाव बांधाने घडविला आहे. खेकड्याचे एक बीळ दुर्लक्षिले, तर अमावास्येच्या उधाणात खांड पडते आणि एकाचे नव्हे, साऱ्यांचे शेत खाऱ्या पाण्याखाली जाते. म्हणून शेजाऱ्याशी अबोला असला तरी बांधावर दोघांनीही घमेले उचलावयाचे, अशी येथील रीत. हीच एकी खोतांविरुद्ध कामी आली. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीच्या कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन कसण्याचे नाकारले. सहा वर्षे पोटास चिमटा घेऊन माणसे अशी एकत्र राहतात, हे सहजासहजी घडणारे नव्हे. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले.

पूर्वी काही खारांत शिलोत्रीदार बांधाच्या दुरुस्तीसाठी कुळांकडून जादा भात घेत. कुळकायद्याने कुळे मालक झाली, ते योग्यच झाले. पण दुरुस्तीचा तो जुना आधार मात्र तुटला. १९४८ व १९७९ च्या खार जमीन कायद्यांनी बांधांची जबाबदारी शासनाकडे आली आणि गावाचा हात हळूहळू सैल झाला. खांड वेळेवर बुजली नाही की शेतात कांदळवन उगवते. ते तोडण्यास आता कायद्याने बंदी आहे. तेव्हा सातबारावर भातशेती आणि जागेवर खारफुटी, असा प्रकार झालेल्या जमिनी तेथे पुष्कळ आहेत. शहापूरच्या शेतकऱ्यांनी अलीकडे खांडी बांधण्यास पुन्हा श्रमदान आरंभिले. ओहोटीच्या त्या काही तासांत, भरती परतण्यापूर्वी, ते काम उरकावे लागते.