खो-खोचा ड्राफ्ट : पहिली निवड कोणाची, पळणाऱ्याची की पकडणाऱ्याची?

चुडावा (जि. परभणी) : पूर्णा तालुक्यातील चुडाव्यासारख्या गावात खो-खोला फारसा खर्च लागत नाही. दोन खांब, थोडी मोकळी जागा आणि नऊ गडी जमले की डाव सुरू. पण याच खेळात आता व्यावसायिक लीग आहे आणि तिथे खेळाडू निवडले जातात ते ड्राफ्टमधून. त्यात पहिल्या फेरीत नाव येण्यासाठी काय लागतं?

ड्राफ्ट म्हणजे काय?
आयपीएलमध्ये लिलाव होतो. ज्याची बोली मोठी, त्याला खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते, संघ आळीपाळीने खेळाडू उचलतात. 2022 मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने हाच मार्ग धरला. खेळाडूंचे चार गट होते आणि मानधन ठरलेलं : अ गटाला 5 लाख, ब 3 लाख, क 1.5 लाख, ड 1 लाख रुपये. म्हणजे पैसा नव्हे, क्रम महत्त्वाचा. सहा संघांत पहिली पाळी असलेल्या संघाची पुढची पाळी येईपर्यंत किमान पाच चांगले खेळाडू गेलेले असतात.

संरक्षकाची बाजू
लीगमध्ये एक पाळी 7 मिनिटांची, म्हणजे 420 सेकंदांची. समजा त्यात 15 गडी बाद झाले, तर एका गड्यामागे 28 सेकंद पडतात. एखादा संरक्षक तुकडीतला शेवटचा गडी म्हणून दीड मिनिट टिकला, तर तो जवळपास तिघांचा वेळ खातो. दोन गडी कमी बाद, म्हणजे 4 गुण वाचले.

आक्रमकाची बाजू
साध्या स्पर्शाला 2 गुण. सूर मारून गडी टिपला तर 3. पहिल्या हंगामाची अंतिम लढत ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाजविरुद्ध 46-45 अशी एका गुणाने जिंकली, तीही शेवटच्या क्षणी सूरज लांडेने मारलेल्या सुरामुळे. शिवाय कोणत्याही दिशेने धावू शकणारा ‘वझीर’ डावाचा वेगच बदलतो.

मग कोण?
दोन्ही बाजू सांभाळणारा अष्टपैलू मिळाला तर प्रश्नच मिटतो. नाही मिळाला, तर पहिली निवड संरक्षकावर करण्यात जास्त शहाणपण दिसतं. आक्रमण सगळे मिळून करतात, एखाद्याची उणीव इतर भरून काढतात. संरक्षणात मात्र एका वेळी तिघेच मैदानात असतात. दोन साथीदार बाद झाले की उरलेल्याला एकट्यालाच हुलकावण्या देत घड्याळ पळवावं लागतं.

आकडा फसवतो तो कुठे?
गुणपत्रकात ‘2.10 मि. संरक्षण’ एवढंच दिसतं. त्या वेळात आक्रमक त्याच्या मागे होता की साथीदाराच्या, हे त्यातून कळत नाही. म्हणून नुसत्या मिनिटांपेक्षा ‘एकटा उरल्यावर किती सेकंद’ हा आकडा जास्त बोलका.

गावातल्या खेळाडूने काय करावं?
तालुका, जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा, ही वाट चुकत नाही. निवडणाऱ्यांची नजर तिथेच असते. पण तिथवर पोहोचण्याआधीच आपली नोंद ठेवता येते. प्रत्येक सामन्याचं मोबाइलवर सलग चित्रीकरण करायचं, साथीदार बाद झाल्यापासूनचे सेकंद मोजायचे आणि तारखेसह वहीत लिहायचे. मैदान गावचं असलं तरी सेकंद सगळीकडे सारखाच असतो.