परवाना भिंतीवर, पावती हातात



त्वरितादेवीचे तलवाडा हे आपल्या गेवराई तालुक्यातले गाव. भोवताली सारा कपाशीचा मुलूख. मृग जवळ आला की खते-बियाण्यांच्या दुकानापुढची गर्दी पाहून शिकलेल्या पोराला वाटते, आपणही एक कृषी सेवा केंद्र टाकावे. विचार चांगला आहे. पण गाळ्याची अनामत भरण्याआधी नियम समजून घ्या.

साध्या किराणा दुकानाचे काम तुलनेने सोपे असते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे घरच्या माणसांवर किंवा एकदोन नोकरांवर चालणाऱ्या दुकानाला नोंदणीची सक्ती नाही, धंदा सुरू केल्याची सूचना दिली की भागते. खाण्याच्या वस्तू विकायच्या तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंद करावी लागते, आणि तराजू-वजने वैधमापन खात्याकडून तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो.

शेतीच्या निविष्ठांचे मात्र तसे नाही. दुकान एक असले तरी परवाने तीन लागतात. बियाण्यासाठी १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश, खतासाठी १९८५ चा खत नियंत्रण आदेश आणि औषधांसाठी १९६८ चा कीटकनाशक कायदा. एका परवान्यावर दुसरा माल विकता येत नाही. शिवाय ज्या कंपनीचे खत विकायचे, तिचे उगम प्रमाणपत्र, म्हणजे दुकानदार ज्याला 'ओ फॉर्म' म्हणतात ते, हवे.

वडिलांच्या किराण्यातच एका फळीवर फवारणीची औषधे मांडू, असे मनात आणू नका. माणसांच्या किंवा जनावरांच्या खाण्याच्या वस्तू जिथे ठेवल्या वा विकल्या जातात, त्या इमारतीत शेतीची कीटकनाशके ठेवायला कायद्याने मनाई आहे. पीठ आणि विष शेजारी नांदत नाहीत.

कीटकनाशके विकण्यासाठी शिक्षणाचीही अट आहे. कृषी पदवी किंवा नियमात सांगितलेले शिक्षण स्वतःकडे हवे, नाहीतर तसा माणूस दुकानात नेमावा लागतो. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली, तीही याच कामाची. अट जाचक वाटेल. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका. कोणते औषध, किती, कशात मिसळायचे, हे आपला माणूस बहुधा दुकानदारालाच विचारतो. उत्तर देणाऱ्याला ते ठाऊक असायला नको का?

इथेच एक धोक्याची गोष्ट सांगतो. 'तुझी पदवी फक्त भिंतीवर लावतो, वर्षाला पैसे देतो,' असे सांगणारे भेटतात. पोरगा पुण्याला नोकरीत आणि गल्ल्यावर भलताच कोणी! पण परवान्याच्या कागदावर ज्याचे नाव, तोच जबाबदार. गुणनियंत्रण निरीक्षकाने घेतलेला नमुना नापास झाला तर नोटीस त्याच नावावर निघते. पदवी ही भाड्याने द्यायची बैलजोडी नव्हे. मायमाउलींनो, मुलाला हे आजच बजावा.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. दुकानात शिरताच भिंतीवर परवाना आहे का ते पाहा. शिल्लक साठा आणि भाव यांचा फलक लावणे दुकानदारावर बंधनकारक आहे. अनुदानाचे खत २०१८ पासून देशभर ई-पॉस यंत्रावरच विकले जाते, तेव्हा आधार घेऊन जा आणि यंत्रातून निघणारी पावती मागून घ्या. युरियाच्या पोत्याबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारली तर घेऊ नका, कृषी खात्याकडे तक्रार करा.

पावतीवर पिकाचा वाण, लॉट क्रमांक, वजन आणि किंमत हवी. साध्या चिठोऱ्यावर 'कपाशी दोन पाकिटे' एवढेच लिहिलेले चालवून घेऊ नका. उधारीचा माल असला तरी बिल मिळणे हा तुमचा हक्क आहे. पेरणीनंतर रिकामी पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि मूठभर बियाणे जपून ठेवा. उगवण झाली नाही तर लगेच पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी करते. तिचा अहवाल पुढे ग्राहक आयोगात उपयोगी पडतो. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

परवाना हा दुकानदाराच्या मागे लावलेला ससेमिरा नाही. तो बांधावरच्या कुंपणासारखा आहे. कुंपण घालतो दुकानदार, राखले जाते पीक तुमचे. मात्र हातात पावती नसेल, तर त्या कुंपणाला खिंडार पडलेच म्हणून समजा.