मागच्या बाजूचं काम

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा लासलगावच्या कांद्याच्या लिलावात वर्षानुवर्षं राबलेली एखादी पिकअप आतून पाहावी. हौद्याचा पत्रा डागडुजी केलेला असतो, इंजिन एकदा उघडून बांधलेलं असतं. केबिनमध्ये मात्र काचेखालून निघालेली चीर डॅशबोर्डच्या मधोमध आलेली, हवेच्या जाळीच्या पट्ट्या गळालेल्या, कप्प्याचं झाकण सुतळीने बांधलेलं, दाराचं पॅनल एका कोपऱ्यात लोंबणारं. मालकाला याची सवय झालेली असते. गाडी पळते ना, मग झालं!

पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या डेंटरला आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मान आहे. तडकलेलं प्लास्टिक सांधणाऱ्याला तो मिळत नाही, आणि मला हे अन्यायाचं वाटतं. त्याचं काम तितकंच हाताचं आहे, शिवाय हत्यार उचलण्याआधी त्याला दोन गोष्टी ओळखाव्या लागतात: हा तुकडा कशाचा आहे, आणि तो तडकला का.

आधी तडकण्याचं कारण. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टेंपी शहरात उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. तासाभरात डॅशबोर्ड सरासरी 69 अंश सेल्सिअसपर्यंत तापला होता. आपल्या मराठवाड्यातलं, विदर्भातलं मे महिन्याचं ऊनही काही सौम्य नाही. या उष्णतेने प्लास्टिक पोलादापेक्षा कितीतरी जास्त पसरतं. तापमान 50 अंशांनी वाढलं, तर मीटरभर लांबीचा एबीएस जातीच्या प्लास्टिकचा तुकडा साधारण 4 मिलिमीटर वाढतो, आणि तो ज्या पोलादी चौकटीवर बसवलेला असतो ती जेमतेम 0.6 मिलिमीटर. म्हणून अशा लांब भागांना काही भोकं मुद्दाम लांबट ठेवतात, तुकड्याला सरकायला वाव मिळावा म्हणून. कुणीतरी कधीतरी वायरिंगसाठी डॅशबोर्ड उतरवतो, परत बसवताना सगळे स्क्रू करकचून आवळतो, आणि तो वाव संपतो. त्यात अतिनील किरणांनी प्लास्टिकची लवचिकता आधीच खाल्लेली असते. चीर बहुधा स्क्रूपाशी किंवा जाळीच्या टोकदार कोपऱ्यात सुरू होते, कारण ताण तिथेच एकवटतो.

आता ओळख. तुकडा उतरवून उलटा केला की बऱ्याचदा पाठीवर दोन टोकदार कंसांत प्लास्टिकच्या जातीची अक्षरं सापडतात. एबीएस असेल तर तो एसीटोनमध्ये विरघळतो. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल, तर एसीटोनला तो दाद देत नाही. अक्षरं नसतील तर आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, एसीटोनचा बोळा टेकवावा. जागा चिकट झाली तर एबीएसची शक्यता मोठी. पाण्यात टाकून बघण्याची युक्ती अनेक जण सांगतात: पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. साध्या पीपीबाबत ते खरंही आहे. पण गाडीतल्या पीपीत बऱ्याचदा टाल्कची पूड मिसळलेली असते. नावापुढे टीडी-20 असेल तर ती 20 टक्के, आणि असा तुकडाही बुडतो. पाण्यावर विसंबलेला कारागीर इथे फसतो.

एबीएसचं काम सुखाचं आहे. त्याच जातीच्या प्लास्टिकचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत एसीटोनमध्ये रात्रभर ठेवले की काकवीसारखा दाट रस तयार होतो. चिरेच्या टोकाला 3 मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे टोकाशी एकवटलेला ताण पसरतो आणि चीर पुढे धावत नाही. मग पाठीमागून खाच पाडून तो रस थर देत भरायचा. एसीटोन उडून जाताना थर आकसतो, म्हणून एका बैठकीत सगळं भरू नये. हे उघड्यावर करावं, जवळ विडी-काडी नको. एसीटोनची वाफ झटकन पेटते.

फेविक्विक आणि खाण्याचा सोडा हा आपल्याकडचा लोकप्रिय उपाय आहे, आणि तो खोटा नाही. सोडा अल्कधर्मी असल्याने तो गोंद क्षणात कडक होतो. पण तो काचेसारखा ठिसूळही होतो. जाळीची पट्टी जागेवर धरायला ठीक. खड्ड्यांत हादरणाऱ्या दाराच्या पॅनलला नाही.

पीपीला साधा गोंद धरतच नाही. तिथे वितळवूनच सांधावं लागतं, आणि भरणही पीपीचंच हवं. भंगारातल्या पीपीच्या जुन्या बंपरच्या कापलेल्या पट्ट्या यासाठी उत्तम. पीपी 160 अंशांच्या आसपास वितळतं. सोल्डरिंग आयर्नने दोन्ही कडा आणि पट्टी एकत्र वितळल्या पाहिजेत. वरून नुसता ओघळ सोडला तर तो नखाने सुटतो. धूर निघाला किंवा रंग काळपटला म्हणजे प्लास्टिक जळलं, त्या सांध्यात ताकद उरली नाही. ताण जास्त असेल तिथे पाठीमागून स्टीलची जाळी किंवा नागमोडी पिना तापवून रुतवतात. डॅशबोर्डवरचा मऊ थर अनेकदा पीव्हीसीचा असतो. त्याला कधीही असा चटका देऊ नये, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो. आणि गाडीत एअरबॅग असेल तर तिच्या झाकणाला हातच लावू नये. ते ठरलेल्या रेषेवरच फाटायला हवं. भरून मजबूत केलेली रेषा अपघातात जिवावर बेतेल.

समोरची बाजू शेवटी. तिथला दाणेदार पोत उठवणं हे सर्वांत अवघड काम. शेजारच्या चांगल्या भागावरून सिलिकॉनचा ठसा घेऊन तो ओल्या भरणावर दाबतात. तरीही तिरप्या उजेडात सांधा थोडा दिसतो, आणि कामाच्या गाडीत तो दिसला तरी मला चालतो. रंग देण्याआधी चकाकीसाठी वर्षानुवर्षं फासलेलं सिलिकॉन पॉलिश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावं लागतं. पेट्रोलचं फडकं नको, त्याने ताणाखालच्या एबीएसला नव्या चिरा पडतात.

तुकडा परत बसवताना प्रत्येक स्क्रू आधी हाताने उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात तो टक्कन बसतो, मग सुलटा घ्यायचा, आणि पॅनल हलायचं थांबलं की थांबायचं. लांबट भोकातला स्क्रू त्याहूनही सैल, मे महिन्यात डॅशबोर्डला ते 4 मिलिमीटर मिळतील इतका.