उकळत्या जमिनीशेजारचा मुक्काम

यलोस्टोनसाठी रजा काढावी लागते. लासनला शनिवार-रविवार पुरतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे उद्यान गाडीने साधारण चार तासांवर आहे. तरी सुट्टीच्या गप्पांत नाव निघतं ते योसेमिटीचं किंवा टाहोचं. लासनच्या वाट्याला आलेली ही उपेक्षा मला कधी कळलेली नाही. ज्वालामुखीचं काम इतक्या जवळून, इतक्या कमी गर्दीत बघायला मिळेल अशा जागा थोड्याच.

वॉशिंग्टन आणि ओरेगनमधून दक्षिणेकडे आलेल्या कॅस्केड रांगेतला हा शेवटचा जागृत ज्वालामुखी. पॅसिफिकच्या तळाचा गोर्डा नावाचा तुकडा इथे उत्तर अमेरिकेच्या खाली सरकतो. खोलात गेल्यावर त्यातलं पाणी वरच्या खडकात शिरतं, खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळू लागतो आणि शिलारस तयार होतो.

तंबू बहुतेक जण मॅन्झनिटा तलावाकाठी ठोकतात. हा तलावही पडझडीतून झालेला: सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी केऑस क्रॅग्ज या लाव्हाच्या घुमटांचा एक भाग कोसळला आणि ओढा अडला. तशीच दरड पुन्हा येईल या भीतीने 1974 मध्ये इथली निवासव्यवस्था बंद करण्यात आली होती. आता तंबूवाल्यांना जास्त काळजी अस्वलांची असते. प्रत्येक जागेपाशी लोखंडी पेटी असते. खाण्याबरोबर साबण, टूथपेस्ट आणि फोडणीचा वास लागलेलं पातेलंही रात्री त्यात कुलूपबंद. तलाव सुमारे 5,900 फुटांवर आहे, त्यामुळे पाणी 94 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं आणि उघड्या भांड्यातली डाळ शिजता शिजत नाही. जाणती मंडळी कुकर घेऊन येतात.

याच परिसरातून बेंजामिन लूमिस यांनी जून 1914 मध्ये लासन शिखराच्या एका उद्रेकाची ओळीने छायाचित्रं घेतली. मे महिन्यात शिखर जागं झालं होतं. पुढच्या वर्षी, 19 मे 1915 च्या रात्री, तापलेले खडक बर्फावर कोसळून चिखलाचा लोंढा खाली आला. 22 मे रोजी राखेचा स्तंभ 30,000 फुटांवर चढला. घरं गेली, पण माणसं किरकोळ जखमांवर बचावली. 9 ऑगस्ट 1916 रोजी लासन राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा डोंगर पुरता निवलाही नव्हता. लूमिस दांपत्याने मुलीच्या स्मरणार्थ तलावाजवळ बांधलेलं दगडी संग्रहालय आजही तिथे आहे. मुक्कामाची सुरुवात तिथूनच करावी.

दुसरा दिवस मात्र बम्पस हेलचा. केंडल बम्पस या माणसाने ही 16 एकरांची उकळती जागा आपल्या हक्काची म्हणून नोंदवली होती. इथून कमाई होईल असा त्याचा हिशेब होता. 1865 मध्ये रेड ब्लफच्या एका संपादकाला ती दाखवताना, पाय जपून टाका असं तो सांगत होता म्हणतात, तेवढ्यात त्याच्याच पायाखालचं कवच फुटलं. भाजलेला पाय पुढे कापावा लागला. दिसायला भक्कम जमीन इथे सर्वांत फसवी, हे त्याला ठाऊक होतं. जागा ओळखता आली नाही. आज लाकडी फळ्यांच्या वाटेवरून उतरणाऱ्यालाही ती ओळखता येणार नाही. म्हणून ती वाट.

आत काय चालतं ते असं. आजूबाजूच्या उंचवट्यांवरचं बर्फ वितळून पाणी खोल मुरतं, तापलेल्या खडकांशी 200 अंशांपलीकडे जातं आणि त्याची वाफ भेगांतून वर चढते. वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड येतो, दुर्गंध त्याचाच. वर त्यापासून गंधकाम्ल बनतं, आणि ते कठीण ज्वालामुखी खडकाची अक्षरशः माती करतं. तीच माती कुंडांत पिठल्यासारखी रटरटत असते. उन्हाळा सरत जातो, पाणी आटतं, तसा चिखल दाट होतो. 8,000 फुटांवर साधं पाणी 92 अंशांच्या जवळपास उकळतं, पण ‘बिग बॉयलर’ या वाफेच्या तोंडाशी 161 अंश नोंदले गेले आहेत.

वज्रेश्वरी किंवा राजापूरजवळचं उन्हाळे पाहिलेल्या माणसाला इथे कुंडात उतरता येत नाही याचं नवल वाटतं. फरक उष्णतेच्या उगमात आहे. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच निवला. कोकणातलं पाणी भेगांतून खोल जाऊन जमिनीच्या साध्या अंतर्गत उष्णतेने तापतं आणि वर येतं. लासनखाली शिलारसाची धग अजून आहे. शिवाय पाणी आम्लधर्मी.

इतकं असूनही अलीकडे या उद्यानाची राख केली ती ज्वालामुखीने नव्हे. जुलै 2021 मध्ये वीजतारांवर झाड पडून डिक्सी वणवा पेटला, ऑगस्टमध्ये तो उद्यानात शिरला आणि दोन तृतीयांशांहून अधिक भागात फिरला. 1915 च्या उद्रेकाने उजाड केलेला पट्टा त्यापुढे किरकोळ ठरावा. माउंट हार्कनेस या जुन्या ज्वालामुखीच्या माथ्यावर वणव्यांवर नजर ठेवायला 1930 मध्ये बांधलेली चौकी होती, तीही गेली. त्यामुळे निघण्यापूर्वी शेकोटीला परवानगी आहे का ते बघावं. असली, तरी झोपण्याआधी पाणी ओतून राख ढवळायची, पुन्हा ओतायचं आणि हाताला गार लागेपर्यंत तिथून हलायचं नाही.